कोलंबी निर्दोष सुटली

गेल्या हिवाळ्यात माझ्या मानेनं माझ्याशी वैर धरलं. हळदीचं जेवण जेवून आलो, की खाज सुटायची आणि हनुवटीपर्यंत लाल भडका उडायचा. आमच्या पनवेलच्या गावांत हळद लग्नापेक्षा मोठी, आणि पंगतीत मटणाबरोबर कोलंबी हवीच. डॉक्टर म्हणाले, "कोलंबीची ॲलर्जी असू शकेल. तूर्त बंद."

कोलंबी बंद! शेजारी राहणारी थोरली बहीण तोंडाला पदर लावून म्हणाली, "आरं, मंग तू आता खाशील काय रं?" मी अजून जिवंत होतो, पण तिचा सूर तसा नव्हता.

माझी बायको शाळेत सायन्स शिकवते. तिचाही संशय कोलंबीवरच होता. माझा संशय केटररच्या रश्श्यातल्या लाल रंगावर.

"अहो, हा अंदाज नाही, ही तुमची भूक बोलतेय," ती म्हणाली. "पण माझाही अंदाजच आहे. तपासून बघू."

डॉक्टरांच्या परवानगीनं, त्यांच्याच दवाखान्यात त्यांच्यासमोर बसून, मी त्याच केटररची लालभडक कोलंबी खाल्ली. डबा उघडताच बाहेरचे पेशंट आत डोकावू लागले. डॉक्टरांनी दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि वर दिवसभर लक्ष ठेवायला सांगितलं. मानेला काहीही झालं नाही.

"चुकलो! दोघंही चुकलो!" बायको टाळ्या पिटत म्हणाली. स्वतःची हार एवढ्या आनंदानं साजरी करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं विचारलं, "जेवण सोडून हळदीला आणखी काय वेगळं असतं?"

म्हणून रविवारी भरदुपारी मी रेशमी कुर्ता, अत्तर आणि गळ्यात जाडजूड चैन अशा थाटात वरणभात जेवायला बसलो. नेमकी तेव्हाच बहीण आत आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत तिनं विचारलं, "वरनभाताची हलद काय रं? नवरी कुठं हाय?"

संध्याकाळी मान पेटली! खाजवता खाजवता मी नाचलो. एवढ्या आनंदानं कुणी खाजवलं नसेल. कोलंबी पानात नव्हतीच!

मी लगेच अत्तराला दोषी ठरवून मोकळा झालो. "थांबा," बायको म्हणाली, "एका वेळी एकच गोष्ट काढायची." मान निवल्यावर अत्तर न लावता बसलो, तरी खाज. पुन्हा निवल्यावर अत्तर लावलं, चैन काढली. मान गार!

खरी सोन्याची चैन बँकेच्या लॉकरमध्ये असते. चोरांच्या भीतीनं समारंभाला मी मुलामा दिलेली घालायचो. तिच्या आतला कुठलातरी धातू घामाबरोबर मला चावत होता. डॉक्टरांनीही मान डोलावली.

पुढच्या हळदीला मी उघड्या गळ्यानं गेलो. आमच्यात हे म्हणजे दिवाळं जाहीर करण्यासारखंच. मेव्हणा मंडपातच ओरडला, "दाजी, गला मोकला? चैन मोडली काय?"

"मोडली नाय," मी म्हणालो. "कोलंबी वाढ."

बायको पंगतीतून माझ्या मानेवर नजर ठेवून होती. मी विजयी मुद्रेनं बघितलं, तर म्हणाली, "सकाळपर्यंत थांबा."

सकाळी तिनं चष्मा लावून, मला उजेडात उभं करून मान तपासली. "काही नाही," म्हणाली. तेवढ्यात खालून कोळणीची आरोळी आली. आम्ही दोघंही पिशवी घेऊन जिन्याकडे धावलो.