सुमतीअक्कांचा खुनाचा सिनेमा

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला कॅब अडकली होती, तेव्हा सुमतीअक्कांच्या मुलाचा, प्रसादचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून निघालं, "अरे, पण शनिवारी आमचा सिनेमा आहे…" त्याची लाज अजून वाटते. पण खरं तेच होतं. मल्लेश्वरमला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हापासून महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारची जेवणं उरकली की आम्ही दोघी सिनेमा बघायचो. एकच, पुन्हा पुन्हा. कानडी, खुनाचा.

सुमतीअक्का मूळच्या निपाणीच्या. सगळी नोकरी इथल्या कोर्टात टायपिस्ट म्हणून केलेली. त्यांनी पहिल्यांदा तो सिनेमा लावला तेव्हा मी चांगलं पुणेरी नाक मुरडलं. कोयते, शिव्या, गटारात प्रेत. "अक्का, हे काय बघताय तुम्ही?" तर म्हणाल्या, "स्वल्प थांब की गं. खुनाकडं बघू नको. त्या फुलवालीकडं बघ."

फुलवालीने खून पाहिलेला असतो. कोर्टात तिला विचारतात, कोणी मारलं? ती बोलत नाही. मारेकऱ्याचा भाऊ मागच्या बाकावर येऊन बसलेला असतो. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही… शेवटी ती नुसती मान हलवते आणि टाइपरायटर वाजतो : मला काही माहीत नाही. अक्का इथे सिनेमा थांबवायच्या. "साक्षीदार कानडीत बोलणार, जज्जसाहेब इंग्रजीत सांगणार, आम्ही ते बडवणार. ती किती वेळ गप्प होती, कुणाकडं बघत होती, ते साहेबांनी सांगितलं तरच कागदावर येणार. नाही सांगितलं तर गेलं." नोकरीच्या सुरुवातीला अशीच एक बाई त्यांच्यासमोर उभी राहिली होती. तिचा जबाब अक्कांनी टाइप केला आणि आरोपी सुटला. "एक अक्षर चुकलं नव्हतं माझं," असं म्हणताना दरवेळी त्यांचा आवाज फाटायचा. मला विचाराल तर त्या सिनेमातली खरी हिंसा कोयत्यात नाहीच, त्या बिनचूक कागदात आहे. ज्यांना तो नुसता रक्तपात वाटतो त्यांना खुशाल वाटू दे.

"मी गेले की भजन नको, हा लाव," हे त्यांनी मला प्रसादसमोर सांगितलं होतं. तो हसण्यावारी नेऊन व्हाइटफील्डला आपल्या घरी निघून गेला होता.

मग आमच्या इथल्या मराठी मंडळाची शोकसभा ठरली आणि वाचायला म्हणून ठराव माझ्या हातात आला. धर्मपरायण, शांत, मितभाषी. मितभाषी म्हणे. रिक्षावाल्याने मीटर टाकला नाही तर अक्का मल्लेश्वरमपासून मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत त्याच्याशी भांडत जायच्या. देवाला जायच्या, पण त्यालाही चार उलटे प्रश्न विचारून यायच्या. माझं डोकंच फिरलं. सभेच्या दिवशी हॉलमध्ये मी सिनेमाचं काढलं तर अध्यक्ष देसाईकाका म्हणाले, "अगं, शोकसभेत खुनाचा सिनेमा? लोक आपल्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत," मी म्हटलं. "जन्मभर दुसऱ्यांचे अर्धेमुर्धे जबाब टाइप केले त्यांनी. आता त्यांचाही अर्धाच ठेवायचा?"

काका प्रसादकडे बघायला लागले. प्रसाद खाली बघत राहिला. मी ठराव घडी घालून पर्समध्ये टाकला आणि लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला.

कोयते निघाले तशा मागच्या खुर्च्या वाजायला लागल्या. चहाच्या निमित्ताने निम्मे लोक उठले. उठू देत. मग फुलवाली पिंजऱ्यात आली आणि गप्प उभी राहिली. बराच वेळ… हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. सिनेमा अडकलाय असं समजून काका बंद करायला लॅपटॉपकडे निघाले, तेवढ्यात प्रसाद उठून त्यांच्या आडवा उभा राहिला. आईबरोबर त्याने हा सिनेमा एकदाही पाहिलेला नव्हता. त्याचे डोळे पडद्यावरच होते.

"काका, बसा," तो म्हणाला. "तिला हवा तेवढा वेळ गप्प राहू दे."

काका बसले.