आबांनी उचललेला बेल-भंडारा

लोणावळ्याच्या रेल्वे कचेरीतली कायमची नोकरी मी आपणहून सोडली, यावर आमच्या गावात एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. आंदर मावळातल्या आमच्या गावचा मी पहिला बी.ए. त्याचा मला ताठा होता, आजही आहे. त्या कचेरीत प्रत्येक कारकून दुसऱ्यावर डोळा ठेवून असे. कोण कधी साहेबाच्या कानाला लागेल याचा नेम नसे. वर्षभरात मीही तसाच झालो. सकाळी कुणी रामराम घातला तरी मनात यायचं, याला काय हवंय? अन्न गोड लागेना, झोप येईना. सुट्टीत गावी चार पोरांना अक्षरं गिरवायला बसवलं, त्या रात्री मात्र गाढ झोपलो. राजीनामा दिला तो त्या झोपेसाठी. गावात शाळा काढायची ठरवून घरी आलो.

वडिलांनी, आबांनी, दारातच विचारलं, "खरं सांग, काडून टाकलं का तुला?"

"न्हाई आबा. मीच सोडली."

"पेन्शनीची नोकरी कुनी सोडतं व्हय?"

एवढं म्हणून ते गोठ्याकडे वळले. गाव मात्र बोलत होतं.

"लोणावळ्याची गुडदाणी दाताला चिकटली वाटतं," पारावर एकजण म्हणाला.

"दाताला न्हवं, हाताला! गल्ल्यात हात घातला असंल."

मी जवळ गेलो की सगळ्यांना खोकला यायचा. शाळेसाठी देवळाची ओसरी झाडून ठेवली, तर एक पोर फिरकलं नाही.

शेवटी पाटलांनी भैरोबापुढे माणसं जमवली. "बेल-भंडारा उचल," ते मला म्हणाले. "काई वंगाळ केलं न्हाई म्हन, मंग पोरं धाडतो."

बेलाचं पान आणि हळद हाती घेऊन खोटं बोललं तर देव डोळे नेतो, अशी आमच्याकडची समजूत.

"शपथ घेणार नाही," मी म्हणालो. "माझ्या शब्दावर भागत नसेल तर राहू द्या."

"शिकल्यालं मानूस लय हुशार, शपथंला भितं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

तेवढ्यात आबा उठले. पायांवर पाणी घेऊन आत गेले आणि बेल-भंडारा स्वतःच्या ओंजळीत उचलला. "माज्या पोरानं काई वंगाळ केल्यालं न्हाई."

हशा थांबला. घरी जाताना मी विचारलं, "आबा, आता पटलं ना तुमाला?"

"न्हाई."

"मंग उचललात कसा?"

"आरं, गावाम्होरं तुला येकट्याला हुबा ठिवू व्हय? खोटं निघालं तर डोळं माजं जातील. माजं लय बगून झालंय."

थोड्याच दिवसांत आबांचा उजवा डोळा लाल झाला, चिकटून मिटला. गाव आधी त्यांच्या डोळ्याकडे बघे, मग माझ्याकडे. पोरं घरीच. मी काही केलेलं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी रोज सकाळी कोमट पाण्यात फडकं भिजवून तो डोळा पुसताना आधी पापणी सुटतेय का ते बघायचो. भैरोबावर माझा विश्वास नव्हता, पण तो दगा देईल असा संशय मात्र होता.

एका सकाळी पुसता पुसता पापणी सुटली. आबांनी डावा डोळा तळव्यानं झाकला आणि उजव्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "जा, ओसरी झाड."

दुपारी पाटील नातवाचं बखोट धरून आले. आधी त्यांनी आबांचा डोळा जवळून निरखला, बोटानं पापणीही वर करून बघितली. मग पोराला माझ्यापुढे बसवलं.