उचलणार कोण?

नव्या सुनेला बघायला शेजारणी येतात तेव्हा रंग बघतात, दागिने चाचपतात, नाव घ्यायला लावतात. गोदूमावशी आल्या त्या आमचं दार बघायला. माजघराचं दार त्यांनी उघडून पाहिलं, लावून पाहिलं, कडी वरखाली केली, न्हाणीघरात डोकावून घंगाळात पाणी किती आहे ते बघितलं, आणि मग कुठे माझ्याकडे वळल्या. मी आपली उखाणा जुळवून बसलेली. तर म्हणाल्या, "काय गं मुली, ह्या घराला आग लागली तर आपल्या पायांनी बाहेर येणार नाही, असं कोण आहे इथे?"

सासूबाई चपापल्याच. "अहो, हळदीच्या अंगानं आलीय पोर. काहीतरी शुभ बोला!"

"शुभच बोलतेय, वहिनी. सगळे बाहेर आले पाहिजेत, याहून शुभ काय असतं?"

त्या आमच्या समोरच राहायच्या. यजमान कचेरीत कारकून, दोन मुलगे पुण्याला नोकरीला. घरात काम थोडं आणि डोक्यात प्रश्न फार, असं त्यांचं होतं. ते लढाईचे दिवस. नगरात लष्कर, त्यामुळे बाँब पडायची धास्ती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, दारोदार वाळूच्या बादल्या ठेवल्या होत्या. खाकी कपड्यांतले एक साहेब आळीत येऊन व्याख्यान देऊन गेले. पुरुषांनी माना डोलावल्या, बायकांनी त्या वाळूनं भांडी घासली. खोटं कशाला सांगू, भांडी लख्ख निघायची! गोदूमावशींनी मात्र साहेबांना ओट्याखालीच गाठलं. "बाँब पडेल तेव्हा पडेल हो. चूल रोज पेटते. तिचं काय करायचं?" साहेबांनी घड्याळ बघितलं आणि पुढच्या आळीची वाट धरली.

आळीत कुजबुज होती की मावशींचं कुणीतरी जवळचं जळून गेलं असणार. एरवी माणूस असं कशाला विचारत बसेल? कुणी म्हणे पहिलटकरीण मुलगी, कुणी म्हणे धाकटी बहीण. मला राहवेना. एकदा पापड लाटताना मी सरळ विचारलंच. मावशी इतक्या हसल्या की लाटणं हातातून निसटलं. "माझ्या घरी साधं दूधही कधी उतू गेलं नाही गं! मला खोडच आहे. काही झालं की वाटतं, हे असं का झालं? माहीत झाल्याशिवाय अन्न गोड लागत नाही."

ही खोड घेऊनच त्या गावातल्या मदत मंडळात शिरल्या. कुठे आग लागली, पूर आला, साथ आली, की मंडळाचे लोक धान्य, कपडे, भांडी घेऊन निघायचे. सगळे पुरुष. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं, पण "येऊ नका" म्हणायची कुणाची छातीही नव्हती. मंडळातले वकील लुगडी-धोतरं वाटायचे, आणि मावशी तिथल्या बायांत फतकल मारून बसायच्या. काय गेलं, हे त्या फारसं विचारत नसत. मागं कोण राहिलं आणि का राहिलं, हे विचारत.

एकदा काष्टीला घरांची अख्खी ओळ जळाली. तिथून आल्या आणि हातपाय धुवून थेट आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मला तेव्हा आठवा महिना होता. तिथल्या एका म्हातारीचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं ऐकवलं: "समदी भाईर पळाली, बाई. बाळंतीन तेवढी आत ऱ्हायली. बायांना वाटलं, सुईन काढील. सुईन गेल्ती तिच्या घरला. बाप्यांना वाटलं, बाया हायेत की. समद्यांना वाटलं, कुनीतरी काढंल."

"मग हो?" मी विचारलं.

"मग काय? कुणी नाही काढलं." मावशी बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "वहिनी, हिचं बाळंतपण इथेच ना?"

इथेच होतं. माहेरी आई नव्हती मला. बाळंतिणीची खोली ठरलेली होती: मागची, अंधारी. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, आणि वारा लागू नये म्हणून दाराला जाड घोंगडी. घरोघर असंच असे. मावशींनी हे सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. सुईण केव्हा येते, केव्हा जाते? माझे यजमान कचेरीत केव्हा जातात? मग दुपारपर्यंत घरात कोण?

"मी आणि हे," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही दोघं तेव्हा काय करता?"

"मी स्वयंपाक. ह्यांची पूजा."

"म्हणजे दोघंही सोवळ्यात. आणि हिला तर महिनाभर शिवायचं नाही. मग त्या वेळी काही झालं तर हिला आणि लेकराला उचलणार कोण?"

"येईल की कुणीतरी धावून!"

"कुणीतरी नको, वहिनी. नाव सांगा."

मामंजी आतून सगळं ऐकत होते. माणूस करडा. लग्न झाल्यापासून माझ्याशी समोरून एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगायचे, आणि मी तिथेच उभी असायची. ते बाहेर आले तसं मला वाटलं, आता मावशींची धडगत नाही. मावशींनीच सुरुवात केली. "तात्या, एक विचारू? सोवळं मोडलं तर काय करावं लागतं?"

"स्नान. दुसरं काय?"

"त्याला वेळ कितीसा लागतो?"

मामंजींना कळलं. त्यांनी उपरणं सारखं केलं, छताकडे बघितलं, घसा खाकरला. "मी उचलीन," म्हणाले.

एवढ्यावर भागेल तर त्या गोदूमावशी कसल्या! दुसऱ्याच दिवशी त्यांनी तालीम घेतली. उशीला टोपडं बांधून तिचं बाळ केलं. मी पोट सांभाळत बाजेवर आडवी. मामंजी कद नेसून पूजेला बसले. मावशी अंगणातून ओरडल्या, "आग!" मामंजी उठले, घोंगडी सारली, उशी काखोटीला मारली आणि माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. "तात्या, बाळाचं डोकं खाली लोंबतंय!" मावशी म्हणाल्या. पुन्हा पूजा, पुन्हा आग. आळीतल्या बायका खिडक्यांतून खुदखुदत होत्या. मी तर तोंडात पदर कोंबला होता. मामंजी मात्र हसले नाहीत. टोपड्याची उशी छातीशी नीट धरता येईपर्यंत ते येत-जात राहिले.

मुलगा झाला. बारसं झालं, घरातलं सोयर फिटलं, मामंजींची पूजा पुन्हा सुरू झाली. माझा महिना भरायचा होता. एका सकाळी सुईण न्हाऊ-माखू घालून गेली आणि मला ग्लानी आली. जाग आली ती पाठीला चटका बसल्यानं. गोधडीचा कोपरा शेगडीत लोंबला होता आणि बाजेचा सुंभ पेटला होता. धुरानं डोळे उघडेनात. मी लेकराला पोटाशी धरून ओरडले. उठायला गेले, तर पायांत त्राण नाही.

घोंगडी सरली. दारात सासूबाई होत्या. सोवळ्यात, हातात पळी. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. आत येईनात, मागं जाईनात.

"सर बाजूला!" मागून आवाज आला. मामंजींनी मुलाला माझ्या हातून घेतलं, छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं आणि फरफटत अंगणात आणलं. मुलगा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "मान धर त्याची, मान." माझ्याशी ते बोलले ते हे पहिलं वाक्य. मग घंगाळातलं पाणी ओतून त्यांनी आग विझवली, स्नान केलं आणि राहिलेली पूजा पुरी केली. मी अंगणात बसून ढसाढसा रडले.

दुपारी मावशी आल्या. सासूबाई चुलीपाशी उपाशी बसल्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, मावशी आता त्यांची हजेरी घेणार. मनातून मलाही ते हवं होतं, कशाला लपवू? मावशी शेजारी बसल्या आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "वहिनी, त्या वेळी मनात काय आलं हो तुमच्या?"

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "काहीच नाही आलं. कुणी सांगेल म्हणून वाट बघत होते. कुणी सांगितल्याशिवाय मी आजवर काही केलेलंच नाही."

मावशींचा चेहरा उतरला. "मग चुकलं माझंच. तात्यांना विचारलं. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं." जाताना म्हणाल्या, "मंडळाबरोबर चला एकदा." सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना विचारावं लागेल." विचारलं मात्र कधीच नाही.

लढाई संपली. मुलगा शाळेत जाऊ लागला. कर्जतकडच्या गावांत पटकीची साथ आली आणि मंडळाबरोबर मावशीही गेल्या. परत आल्या त्या आजारी होऊनच. मंडळाचे लोक त्यांना घरात निजवून टांगा आणायला धावले. मावशींचे यजमान दारातच उभे. आळी आपापल्या ओट्यांवर उभी होती. पटकीच्या माणसाला हात लावायची कुणाची तयारी नव्हती, माझीही नव्हती. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. "अगं, कुठे निघालीस?" मामंजींनी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं नाही. तेव्हा कुठे माझे पाय हलले.

त्यांनी मावशींचं अंग पुसलं, भरलेलं लुगडं बदललं, टांगा आल्यावर मानेखाली हात घालून उचललं. मी पाय धरले. मावशी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत, दवाखान्यातच गेल्या. पण टांग्यात त्यांना शुद्ध होती. डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. ओठ सुकून गेलेले, आवाज कसाबसा निघत होता.

"वहिनी, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझी मी आले."

दवाखाना येईपर्यंत मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता पुढचा प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत होते. तो काही आला नाही.