भोंगाताईंचा पुढचा दात

बसस्थानकावर बावीस वर्षं घोषणा करणाऱ्या बाईंना ड्रायव्हर मंडळी भोंगाताई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे भोंगा. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. काचेची चिंचोळी खोली, मायक्रोफोन, वेळापत्रकाची फाटकी वही आणि उजव्या हाताला एक खण, एवढं त्यांचं राज्य. गाडी तासभर उशिरा येवो, बाईंचा शब्द कधी अडखळला नाही.

मग वरचा पुढचा दात हलू लागला. ‘सव्वासातची गाडी’ म्हणताना फुस्कन हवा सुटायची. स्थानकप्रमुख गोड आवाजात म्हणाले, "ताई, असंच चाललं तर पासाच्या खिडकीवर बसा. आराम आहे तिथे." बाईंनी मान फिरवली. आराम मागितला होता कोणी?

दातांच्या डॉक्टरांनी हिरडी दाबली, तर रक्त आणि पू. "मधुमेह आहे ना? आधी साखर खाली आणा, मग हात लावू."

साखरेचे डॉक्टर रिपोर्टाच्या कागदाशी बोलायचे. "साखर उतरत नाही. गोड खाता?"

"सहा वर्षांत शिवले नाही. डॉक्टर, दात हलतोय."

"तो माझा विषय नाही." गोळ्यांचा डोस वाढला.

अशा तीन फेऱ्या झाल्या, नऊ महिने गेले. दातांची फाईल निळी, साखरेची हिरवी. दोघांनी मिळून बाईंचा नुसता चेंडू केला होता.

"अहो, माझं तोंड काय शेजारणीचं आहे?" त्या नवऱ्यावर करवादल्या.

"घोषणा करून दोघांना एकाच फलाटावर बोलाव," नवरा म्हणाला. एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी ताट सरकवून उठल्या.

चौथ्या खेपेला दातांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीण होती. तिने निळी फाईल मिटून बाजूला ठेवली. "दिवसभरात तोंडात काय काय जातं? अगदी पाण्यापासून सांगा."

बाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि तोंड कोरडं पडतं, म्हणून घशाची गोळी. दोन घोषणांना एक."

"घोषणा किती होतात?"

"पन्नासेक."

डॉक्टरणीने मनात हिशेब केला. पंचवीस गोळ्या, साखरेत घोळलेल्या, खण भरून. सगळ्या घोषणावाल्यांच्या खणात असतातच. पेढा नाकारणाऱ्या बाईंना ते गोड खाणं वाटलंच नव्हतं. ती घशाची गोळी होती, कामाची वस्तू.

"साखर वाढली म्हणून तोंड कोरडं, म्हणून ही गोळी, म्हणून आणखी साखर," डॉक्टरीण म्हणाली. "वाढलेल्या साखरेने हिरड्या सडतात आणि सडक्या हिरड्या साखर उतरू देत नाहीत. एक बरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं नसतं. दोन्ही बरोबरच धरायचं."

बाईंना आधी स्वतःचाच राग आला, मग त्या दोघांचा. दुसरा राग जास्त टिकला.

खणात पाण्याची बाटली आली. हिरड्यांच्या आतून चार बैठकांत सफाई झाली. शेजारचे दोन दात घट्ट बसले. पुढचा मात्र काढावाच लागला.

"नऊ महिने आधी आला असतात तर कदाचित दात वाचला असता," डॉक्टरीण हळहळली.

"आले होते," बाई म्हणाल्या.

जखम भरून नवा दात बसेपर्यंत बाई पासाच्या खिडकीवर बसल्या. काचेच्या खोलीतून दुसऱ्याच कोणाचा आवाज यायचा, तो ऐकत शिक्के मारताना त्यांना रडू यायचं.

तीन महिन्यांनी, नवा दात अजून बसायचा असताना, साखरेचे डॉक्टर कागदावर खूश झाले. "वा! साखर बरीच खाली आली. वाढवलेलं औषध लागू पडलं."

"ते तर आधीपासून चालूच होतं. गोळ्या चघळणं सोडलं आणि हिरड्या साफ केल्या."

"हो, त्याचा थोडाफार संबंध असतो म्हणा," ते लिहिता लिहिता म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग निघाला तो बावीस वर्षांचा आवाज, फटीतून शिट्टी वाजवत, बाहेरच्या बाकापर्यंत.

"डॉक्टरसाहेब, इतके महिने तुम्ही मला एकदाही तोंड उघडायला सांगितलं नाहीत."

आणि त्यांनी ते उघडलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाहेर बाकावरची माणसं दारातून डोकावत होती.