धागे पलीकडे पोचले का?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या आणि यंत्र बाळाच्या डोक्यापाशीच फिरवत राहिल्या. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

"मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल नीट दिसत नाहीये. बाळाची पोझिशन तशी आहे म्हणूनही असेल. दोन आठवड्यांनी परत बघू. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका म्हणणाऱ्याला दोन आठवडे माझ्या जागी बसवायला हवं.

पूल म्हणजे काय, ते मी त्यांना खोदून खोदून विचारलं. एका बाजूच्या पेशींतून बारीक धागे निघतात, आणि प्रत्येकाचं टोक अंधारात चाचपडत पुढे सरकतं. वाटेतल्या पेशी रसायनं सोडतात. काही म्हणतात ये, काही म्हणतात इथून फूट. मधली रेघ ओलांडली की धाग्याला तीच जागा नकोशी होते, म्हणून तो मागे फिरत नाही. असे कोट्यवधी धागे पलीकडे गेले की झाला पूल.

"आणि नाही गेले तर?"

"काही मुलं अगदी नॉर्मल वाढतात, काहींना खूप त्रास होतो. आत्ता सांगता येत नाही."

जुईनगरच्या घरी मी आणि नवरा दार लावून कुजबुजत राहिलो. पूल नसेल तर ठेवायचं का? कायद्याने मुदत किती? सासूबाईंना बीपी, म्हणून त्यांना काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. उरणकडच्या खाडीकाठच्या बाई, आवाज खणखणीत. सगळ्या मजल्याने ऐकलं असणार.

"डाक्तरीन गप झाली तवाच मी समजले. पोरगी हाय. म्हनून तुमी पाडायला चाललाव. मना पोरगी चालंल. मी सांभालीन."

मला आधी हसू आलं, मग संताप, मग शरमेने मान वर होईना. पोरगा की पोरगी, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यांचा तर्क साफ चुकला होता. पण पाडायचा विचार आमच्या मनात होता, तो त्यांनी अचूक पकडला होता. मी तिथेच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चपला घातल्या आणि आमच्याबरोबर निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी फार वेळ घेतला. मी छताकडे बघत पडले होते.

"हा बघा. बारीक आहे, पण पूर्ण आहे. धागे पलीकडे पोचलेत."

नवरा रडायला लागला. मला रडू येईना. दोन आठवडे मी पोटावर हात ठेवला नव्हता. बाळ हललं की मी मुद्दाम मोबाईल उघडून बसायची. माया लागली तर सोडताना जड जाईल, असं मी ठरवून टाकलं होतं. आता हात ठेवला, तर पोट जेलने गार नि चिकट, आणि आत काहीच हालचाल नाही.

"रागावलंय का?" मी विचारलं.

"झोपलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तरी मी बाळाची माफी मागितली. मोठ्याने, सगळ्यांसमोर.