बंद फ्लॅटमधला आवाज

आधीच सांगतो, असले किस्से सुरू झाले की उठून चहा आणायला जाणारा मी माणूस आहे. कॉलेजात असताना जायचो, ऑफिसातही जातो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये अठरा वर्षं काढली आहेत. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते घडलं असं आम्ही लिहीत नाही. त्यामुळे हे टाईप करताना मलाच कसंतरी होतंय... पण मुग्धा म्हणाली, लिहून टाक एकदाचं, मनात किती दिवस घोळवणार.

जागा – नोएडा. सेक्टरचा नंबर देत नाही. जुनी सोसायटी, सातवा मजला, टू बीएचके. घरात तिघं – मी, बायको मुग्धा आणि मुलगी सई, तेव्हा नऊ वर्षांची. मूळचे पुण्याचे, इथे येऊन दहा वर्षं होत आली. मुग्धाचं ऑफिस दिल्लीत, मेट्रोने सव्वा तास. सई शाळेतून परस्पर शेजारच्या टॉवरमधल्या डे-केअरला जायची. कामवाली दीदी सकाळी सातलाच येऊन जाते. म्हणजे साडेआठला कुलूप लागलं की संध्याकाळी साडेसहापर्यंत घरात कोणीही नसतं.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायला जास्त जड जाते.

मला राग यायचा. म्हणजे गीझर चालू राहिला म्हणून अर्धा तास ओरडायचो. सईची पाण्याची बाटली शाळेत राहिली म्हणून रिमोट भिंतीवर. हात कधी उचलला नाही... आणि हे मी बरीच वर्षं स्वतःच्या बाजूने सांगत होतो. ऑफिसात मात्र मला सगळे शांत म्हणतात. मधेच दोन-तीन आठवडे असे यायचे की मला चार तास झोप पुरायची. पहाटे उठून कपाटं रिकामी कर, जॉब सोडून कंपनी काढायचे प्लॅन कर, बोलणं इतकं भरभर की मुग्धा म्हणायची, अरे श्वास घे. त्यात कोणी आडवं आलं की संपलं. आणि मग पुढचा महिना-दीड महिना आंघोळीचासुद्धा कंटाळा. ऑफिसला कसाबसा जायचो, घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायचो. आमचे बाबाही तापट होते. मी धरून चाललो होतो – स्वभाव आहे, काय करणार.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी बेल वाजली. दारात माथुर आंटी. या बरोबर आमच्या खाली, सहाव्या मजल्यावर राहायच्या. रिटायर्ड शिक्षिका. त्यांचे मिस्टर पॅरालिसिसने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"बेटा, एक रिक्वेस्ट है. शाम को जो होता है वो आपके घर की बात है, मैंने कभी कुछ नहीं कहा. बस दोपहर में थोड़ा धीरे... अंकल उसी टाइम सोते हैं."

शाम को जो होता है. ते वाक्य मी ऐकलंच नाही बहुतेक. मुग्धाने मात्र मान खाली घातली.

"दोपहर में? आंटी, दोपहर में तो घर पे कोई होता ही नहीं."

"साढ़े तीन-चार बजे. मराठी मुझे समझ नहीं आती, बेटा, पर आवाज़ तो आपकी पहचानती हूँ."

मी त्यांच्यावर ओरडलो. मला खोटं ठरवताय का, वय झालंय, कान तपासून घ्या – असं बरंच. त्या जिन्याने खाली गेल्या. एक-एक पायरी, कठडा धरून. लिफ्टची वाटही पाहिली नाही.

दोन दिवसांनी, मंगळवारी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना गेटवरून गार्डचा फोन. "सर, आपके फ्लैट से बहुत शोर आ रहा है. नीचे से कंप्लेंट है." घड्याळात पावणेचार. माझ्यासमोर नऊ माणसं बसलेली, मी त्यांना स्लाइड दाखवत होतो. दुसऱ्या दिवशी मी जुना फोन रेकॉर्डिंगला लावून हॉलमध्ये ठेवून गेलो. घरी येऊन सगळं ऐकलं. फ्रिजची घरघर, कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, खाली कुत्री. बाकी काही नाही. सुटलो एकदाचा! म्हातारीला भास होतायत, असं मी गार्डलाही सांगून टाकलं. त्या दिवशी आंटींना काही ऐकू आलं होतं का, हे विचारायला गेलो नाही. टेस्टर असून.

मग गुरुवारी सईच्या क्लास टीचरने दोघांना बोलावलं. पीटीचे सर दुसऱ्याच कोणावर तरी ओरडले, आणि सई बाकाखाली जाऊन बसली. पीरियड संपेपर्यंत बाहेर आली नाही. कानांवर हात, डोळे मिटलेले. टीचरने दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "घर पे सब ठीक है ना?"

"बिल्कुल ठीक है, मॅम," मुग्धा म्हणाली. लगेच. इतक्या सराईतपणे की मीच तिच्याकडे बघत राहिलो.

सईला सोबतच घेऊन निघालो. गाडीच्या बाहेर नोव्हेंबरचा तो करडा धूर, समोरची बिल्डिंगसुद्धा धड दिसत नव्हती. पार्किंगमधून लिफ्टने वर आलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. लिफ्टचं दार उघडलं...

आणि माझा आवाज ऐकू आला.

"एक काम धड होत नाही या घरात! एक!"

आमच्या दारामागून. बाहेरच्या जाळीच्या दाराला सकाळी मी लावलेलं कुलूप तसंच लटकत होतं. हे वाक्य मी दिवाळीच्या आठवड्यात बोललो होतो. 'घरात' म्हणताना आवाज फाटला होता, तोही तसाच. टीव्ही किंवा स्पीकरसारखं नव्हतं ते. माणूस इकडून तिकडे फिरत ओरडतो तेव्हा आवाज जसा जवळ येतो, लांब जातो, तसं.

मी मुग्धाकडे बघितलं. तिलाही ऐकू येत होतं. पण ती दचकली नव्हती. तिने सईला स्वतःच्या मागे घेतलं, चपला काढून हातात घेतल्या, फोन सायलेंटवर टाकला. हे सगळं तिने विचार करून केलं नव्हतं. हाताला सवय होती.

आणि मी – मी मागे सरकलो. भुताची भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला त्या माणसाची भीती वाटली. दार उघडलं की तो माझ्याकडे वळणार, आणि मी काय केलं हे त्याला सांगावं लागणार. मी भिंत धरून उभा राहिलो. तेव्हा लक्षात आलं, या दोघी रोज संध्याकाळी हीच भीती घेऊन या दाराशी उभ्या राहतात.

तेवढ्यात सईने माझा हात धरला. कुजबुजली, "बाबा, आत्ता नको जाऊ या. थांब इथेच."

"का गं?"

"अजून मोठ्याने होईल. मग दार आपटेल. मग संपतं."

ती मला समजावत होती. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला सांगतात तसं.

आवाज वाढला. शब्द कळेनासे झाले. मग आत धाडकन दार आपटलं, एवढ्या जोरात की समोरच्या जाळीचं कुलूप हललं. आणि शांत.

मागे कोणीतरी श्वास सोडला. जिन्यात माथुर आंटी उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे. मग तिथेच पायरीवर बसल्या. "आप तो बाहर हैं," एवढंच म्हणाल्या.

पाच-सात मिनिटांनी मी कुलूप उघडलं. आत कोणी नव्हतं. धुरामुळे आठवडाभर बंद ठेवलेल्या खिडक्या बंदच. सिंकमध्ये सकाळच्या पोह्यांच्या बशा. फक्त बेडरूमचं दार लागलेलं होतं. ते आम्ही लाकडी पाचर लावून कायम उघडं ठेवतो. पाचर हॉलच्या मधोमध पडली होती.

मुग्धाने बशा घासायला घेतल्या. पाठमोरीच म्हणाली, "मला आता दमायला होतं रे. खरंच."

अकरा वर्षांच्या संसारात तिने केलेली ही पहिली तक्रार. भांडली असती तर मी उलट भांडलो असतो.

दिल्लीत आर. के. पुरमला मुग्धाची एक मैत्रीण राहते, तिच्या ओळखीने सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट मिळाली. पन्नाशीच्या बाई. मी आवाजाचं सांगायला गेलो होतो. मला वाटत होतं की वेड लागल्याचं सर्टिफिकेट मिळालं तर निदान कारण तरी कळेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नींद कितनी आती है?"

मग तासभर नुसते प्रश्न. झोप कधी कमी होते, तेव्हा थकवा येतो की येतच नाही, बोलणं भरभर होतं का, नंतर किती दिवस उदास वाटतं, मरावंसं वाटलंय का कधी. वडिलांचं कसं होतं. मुग्धाला वेगळं बसवून विचारलं. तीन-चार भेटींनंतर म्हणाल्या की हा बायपोलरचा एक प्रकार आहे. सौम्य वाटतो, म्हणून लोक वर्षानुवर्षं स्वभाव समजतात. प्रत्येक रागीट माणसाला हा आजार नसतो आणि हा आजार असलेला प्रत्येक जण रागीट नसतो, पण तुमच्यात दोन्ही एकमेकांत गुंतलंय. गोळ्या, मधूनमधून रक्ताची तपासणी, आणि रागासाठी वेगळं काउन्सेलिंग.

मला हलकं वाटलं. म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं तर, असं काहीतरी मी बोललो. बाईंनी पेन खाली ठेवलं. "देखिए, बीमारी है तो दवा दूँगी. माफ़ी आपको ही माँगनी पड़ेगी, वो गोली नहीं माँगेगी."

"और वो आवाज़?" मी विचारलं.

"आपको और भी आवाज़ें सुनाई देती हैं?"

"नहीं."

"मैंने भी सुनी है, डॉक्टर," मुग्धा म्हणाली. "बेटी ने भी. नीचे वाली आंटी ने भी."

बाईंनी पेन परत उचललं. "उसका मेरे पास कोई जवाब नहीं है. नींद ठीक करते हैं पहले."

पुढचे महिने कंटाळवाणे होते, सरळ सांगतो. पहिल्या गोळीने हात थरथरायचे, ती बदलली. रोज एका वहीत झोपेचे तास आणि मूड लिहायचा. जबडा आवळला जायला लागला की बोलणं तोडून खाली उतरायचं, सोसायटीला तीन चकरा मारायच्या, आणि जाताना 'वीस मिनिटांत येतो' हे सांगून जायचं. न सांगता गेलं की घरचे आणखी घाबरतात, हे मला शिकवावं लागलं. मुग्धाने मैत्रिणीच्या घरी एक बॅग नेऊन ठेवली होती, गरज पडली तर सईला घेऊन निघायला. डॉक्टरबाईंनीच सांगितलं होतं. मला ते कळल्यावर लागलं. पण बॅग तिथेच राहू दिली.

माथुर आंटींची माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, दुपारचा आवाज अजून येतो, पण आता कमी. जानेवारीत म्हणाल्या, बंदच झाला.

फेब्रुवारीत मला फार बरं वाटायला लागलं. इतकं, की आठ दिवस मी गोळ्या घेतल्या नाहीत. कोणाला सांगितलं नाही. वहीत खोटं लिहिलं. घरात एकदाही आवाज चढवला नव्हता, हे शपथेवर सांगतो. नवव्या दिवशी लिफ्टपाशी आंटी भेटल्या.

"बेटा, सब ठीक है? आज दोपहर को फिर आवाज़ आई थी."

मी वर गेलो आणि मुग्धाला वही दाखवली. खोटं कुठे लिहिलंय ते सांगितलं. ती रागावली नाही, तिने फक्त डॉक्टरांना फोन लावला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. गोळ्या चालू आहेत. माथुर अंकल गेले, आंटी पानिपतला मुलाकडे राहायला गेल्या. खाली नवीन भाडेकरू आलेत. दुपारी वरून काही ऐकू येतं का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. विचारायचं कसं?

सईची माफी मागायची राहिली होती. म्हणजे घाईघाईत सॉरी शंभरदा म्हणालो होतो, पण काउन्सेलर म्हणाल्या, काय केलं ते नाव घेऊन सांगा. म्हणून मागच्या रविवारी तिच्याजवळ बसलो. ती चित्राला रंग देत होती. मी म्हटलं, "सई, आपण तिघं बाहेर उभे होतो आणि घरातून ओरडण्याचा आवाज येत होता, आठवतं? तो माझा आवाज होता. तुम्हाला इतकी वर्षं घाबरवत होतो तो मीच. चूक तुझी नव्हती, आईची नव्हती."

तिने ब्रश पाण्यात बुडवला. विचार केला.

"रोज ओरडायचास तो तू होतास," ती म्हणाली. "ते मला माहितीय."

"हो."

"पण त्या दिवशीचा तू नव्हतास, बाबा. तू तर माझा हात पकडून बाहेर थांबला होतास ना. तुझा हात केवढा थंड होता."

आणि परत रंगवायला लागली.

ती म्हणते ते बरोबरच आहे, मी बाहेर होतो. आत कोण होतं, ते मला आजही माहीत नाही.