पाचवी खुर्ची

मागच्या वर्षी एका बुधवारी सुनेने घरात खुर्ची आणली आणि माझी झोप उडाली. आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या. ह्यांना एक, मुलाला एक, सुनेला एक, नातीला एक. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग ही पाचवी कुणासाठी?

सून अंबडला फर्निचरच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. "डॅनिश पद्धतीची आहे," ती म्हणाली. लाकूड सागाचं, हात फिरवला तर कुठे खिळा लागेना. पण पाय काटकुळे, पाठ अर्धवट, आणि बसायची जागा चक्क कागदाच्या दोरीने विणलेली. कागदावर माणूस बसवायचा म्हणजे कमालच. शिवाय बाकीच्या चारांपेक्षा ती चांगली दोन बोटं बुटकी.

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"रविवारी कळेल, आई."

असली उत्तरं मला सहन होत नाहीत. मला तिच्या आईचाच संशय आला. विहीणबाई पुण्यात एकट्या राहतात आणि उंचीने बेताच्या आहेत. सून हल्ली गॅलरीत जाऊन त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची. म्हणजे आता त्या कायमच्या येणार. आज खुर्ची आली, उद्या कपाट येईल, आणि परवा आमटीत गूळ किती घालायचा ते मला माझ्याच स्वयंपाकघरात ऐकून घ्यावं लागेल. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते.

त्यात आठवलं, महिन्यापूर्वी हिने माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावली होती. परकर शिवून आणते म्हणाली. परकर काही आला नाही. पोरगी थापा मारते, हे पक्कं झालं.

भावाने सटाण्याहून कांदे पाठवले होते. ह्यांच्याकडून मी ती गोणी खुर्चीवर ठेवून घेतली. मोडली तर बरंच, असं मनात होतं. दोन दिवस झाले तरी दोरी तसूभर खचली नाही. हे म्हणाले, "आता कांद्यांना ताट वाढतेस का?"

रविवारी विहीणबाई आल्याच. त्र्यंबकेश्वरचं दर्शन करून दुपारी जेवायला. नात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. मी आधी त्यांच्या हातातली बॅग बघितली. पर्सच होती. तरी खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बसा, तुमचीच आहे."

"मम्मी, तू इकडे बस," सून म्हणाली. "ती आईंची खुर्ची आहे."

मी डाव हातात घेऊन उभी. "मला कशाला? मला वाढायचं असतं."

"सगळं टेबलावर ठेवलंय. ज्याचं तो घेईल. आधी सांगितलं असतं तर तुम्ही करूच दिली नसती."

विहीणबाई म्हणाल्या, "महिनाभर फोनवर हेच. आपल्या वयाच्या कंबरेला खुर्चीची पाठ कशी बरी, ते मला विचारायची."

मी त्या खुर्च्या बुधवारपासून किती वेळा मोजल्या होत्या. माणसंही मोजली होती. स्वतःला मोजायचं मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांचं झाल्यावर रिकाम्या खुर्चीत टेकून मी दोन घास उरकायचे, तेव्हा पाय लोंबकळायचे.

मी बसले. विहीणबाईंनी भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. माझे दोन्ही पाय जमिनीला टेकले होते.